रुमालाखालचा उंदीर

मुक्या प्राण्याला विनाकारण त्रास देऊ नये, याबद्दल कोल्हापुरात दुमत नाही. तांबडा रस्सा हे कारण आहे.

याच भूतदयेपोटी एका फार्मसी कॉलेजात प्राणी-प्रयोग समिती नेमली होती आणि तिच्यापुढे स्वप्नाली उभी होती. मटणानंतर घ्यायच्या पाचक चूर्णावर तिची पीएच.डी. चालली होती आणि मुदत संपायला पंधरा दिवस उरले होते. तिने सहा महिने गणित घालून साठ उंदरांचे काम चोवीसवर आणले होते. वजनाप्रमाणे जोड्या लावायच्या, जोडीतल्या कुणाला चूर्ण द्यायचे ते चिठ्ठी टाकून ठरवायचे, आणि मोजणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. याहून कमी घेतले तर उत्तरच येत नाही. म्हणजे घेतलेलेही फुकट मेले.

अध्यक्ष उदयसिंह सर पूर्वी नावाजलेले बैलव्यापारी होते (प्राण्यांचा अनुभव म्हणून नेमणूक). सांगितलेला आकडा पाडायचाच असतो, हे त्यांच्या अंगात मुरलेले. त्यांनी बिस्किटांवरचा रुमाल उचलला, स्वप्नालीचे गाइड धैर्यशील सर यांचा हात त्याखाली घेतला आणि बैलबाजारात भाव ठरवताना दाबतात तशी बोटे दाबली. बारा. पुन्हा दाबली. सहा.

"सर, ते गणित हाय, भाव न्हाई," स्वप्नाली म्हणाली.

"पोरी, पयल्या बोलीला कोण सौदा करतंय व्हय?"

सौदा एका उंदरावर ठरला. समितीवरचे बाहेरचे सदस्य जोतीराम डेअरी चालवत. ते उसळले, "एका म्हशीचं दूध तपासून सगळ्या गावाला त्याच फॅटचा दर लावला, तर लोक डेअरी फोडतील की!" (इतिवृत्तात नोंद: 'दुग्धव्यवसायावर उद्बोधक चर्चा झाली.')

स्वप्नाली रडकुंडीला आली. "एकावर काईच सिद्ध हुईत न्हाई, सर."

"तुला सिद्ध करायचंय, का डॉक्टर व्हायचंय?" धैर्यशील सरांनी विचारले.

तिने एका उंदराच्या अर्जावर सही केली आणि तिला स्वतःची लाज वाटली (अर्जात त्यासाठी रकाना नव्हता).

प्रयोग नेटका झाला. उंदराला एक दिवस नुसता रस्सा, एक दिवस रस्सा आणि चूर्ण. शंभर टक्के उंदरांना गुण आला. उंदरा-उंदरांतली तफावत शून्य. सरासरी उंदीर आणि प्रत्यक्ष उंदीर यांत काहीही फरक आढळला नाही.

स्वप्नाली डॉक्टर झाली, चूर्ण बाजारात आले. गणित मात्र बरोबर होते. उरलेले तेवीस लागणारच होते आणि ते मिळतही आहेत. त्यांना पिंजरा लागत नाही, चमचा ते आपल्या हाताने तोंडात घालतात, आणि समिती फक्त प्राण्यांची असल्यामुळे त्यांच्यासाठी परवानगीही लागत नाही. रविवारी जेवणावर आपणही चूर्ण घेतलेत ना? मग पोट कसे आहे तेवढे स्वप्नालीला कळवा. तिच्या तक्त्यात आपली ओळ अजून कोरी आहे.