अण्णांच्या नावच्या चुका

कारखान्यातल्या पहिल्या दिवशी मी ज्या कपाटापुढे जाऊन उभा राहिलो, ते पाहून मी चक्रावलो. फोरमनच्या केबिनमधलं काचेचं कपाट म्हणजे ढाली, चषक, फार तर परदेशी पाहुण्यांबरोबर काढलेला फोटो, अशी माझी समजूत. या कपाटात ठेवलं होतं नासलेलं काम. भलत्याच जागी भोक पडलेला लोखंडी ठोकळा, दाते तुटलेलं चाक, तडा गेलेलं झाकण. प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधलेली आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव. हुक्केरीकर. हा कोण प्राणी आहे आणि याला अजून कामावर ठेवलाय कशाला, असं मी मनाशी म्हणतोय तोच मागून आवाज आला.

"काय बघायलास? तो मीच की."

वळून पाहिलं तर कुणी दिसेना. मग नजर जरा खाली नेली. पाच फुटांना दोन बोटं कमी भरतील एवढी मूर्ती, डोक्याला काळी टोपी, अंगात खाकी कोट, कानावर लाल पेन्सिल आणि पायात कोल्हापुरी वहाणा. हे माझे वरिष्ठ. तीनशे माणसं यांच्या हाताखाली, असं मला सांगण्यात आलं होतं. खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. बंगळूरच्या बाहेर, यशवंतपूरच्याही पुढे पीण्या गावाकडच्या माळावर आमचा सरकारी कारखाना उभा राहिला होता आणि मी पुण्याहून इंजिनियरिंगची पदवी घेऊन तिथे सहा महिन्यांच्या उमेदवारीवर रुजू झालो होतो. हुक्केरीकर निपाणीकडचे. पदवी नाही, काही नाही. पंचवीस-तीस वर्षं लेथवर उभं राहून वर आलेले. घरी मराठी, कामावर कन्नड, रागात दोन्ही. मॅनेजरसाहेब सोडले तर सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणायचा. आठवड्याभरात मीही म्हणू लागलो.

बाकी रागवायचे मात्र वेळ पाहून. दुपारच्या जेवणाच्या भोंग्याआधी अर्धा तास समोर कुणी मशीन पेटवलं असतं तरी अण्णा बोलले नसते. "स्वल्प थांब. आधी जेव. मग बघतो तुला," एवढंच म्हणायचे. आणि जेवण झालं की खरोखर बघायचे. लाकडी खोक्यावर उभे राहून, त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून, दहा मिनिटं. ते खोकं दिसलं की सहा फुटी शिखाला घाम फुटताना मी पाहिला आहे.

एकदा मद्रासहून एक व्याख्याते आले. विषय, उत्तम अधिकाऱ्याच्या अंगचे गुण. सगळ्या फोरमनांना आणि इंजिनियरांना कँटीनमध्ये बसवलं आणि गृहस्थांनी फळा भरून गुण लिहिले. दूरदृष्टी, निर्णयशक्ती, रुबाब, असं बरंच काही होतं. लिहून झाल्यावर त्यांनी पहिल्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या अण्णांना विचारलं, तुमच्या मते पहिला गुण कोणता? अण्णा उठले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "जेवायच्या आधी माणसाला रागवू नये."

सगळे हसले. व्याख्यातेही हसले आणि का म्हणून विचारते झाले. अण्णा म्हणाले, "रागावलं की माणूस जेवत नाही, सर. न जेवलेल्याचं बोट मशीनखाली जातं." कँटीनमधलं हसू जागच्या जागी थांबलं. व्याख्यात्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि हातातला खडू खाली ठेवला.

आणखी एक विचित्र खोड होती. आम्ही दोघंही मल्लेश्वरमहून कारखान्याच्या बसने यायचो. यशवंतपूरचा बाजार आला की अण्णा खाली वाकायचे. अगदी गुडघ्यांत डोकं घालून. बस बाजार ओलांडून जाईपर्यंत वर यायचे नाहीत. येताना तेच, जाताना तेच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बुटाची नाडी बांधायलोय." पायात वहाणा. मी पुढे काही विचारलं नाही.

उमेदवारीचे पाच महिने सरले आणि माझ्या हातून घात झाला.

अमेरिकेहून एका यंत्राचे आराखडे आले होते. त्यांची आराखडा काढायची रीत आमच्याहून उलटी. वस्तूची जी बाजू आम्ही कागदावर डावीकडे दाखवतो, ती ते उजवीकडे दाखवतात. कोपऱ्यात तशी खूणही असते. मी घाईत ती खूण पाहिली नाही, आपल्या कॉलेजच्या शिरस्त्याने आराखडा वाचला आणि कामाचा कागद तयार केला. अण्णांची सही घ्यायला हवी होती. ते जेवायला गेले होते. थांबायचं कशाला, म्हणून मी सही न घेताच कागद रामस्वामीला दिला. रामस्वामी आमचा सगळ्यात जुना ड्रिलवाला. त्याने कागद खालीवर करून पाहिला आणि विचारलं, "सार, भोकं याच बाजूला ना?" मी म्हटलं, "लिहिलंय तसं कर."

त्याने केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ओतीव लोखंडाची बारा झाकणं, बाराही उलट्या बाजूने भोकं पाडलेली. एकाच पायाचे बारा जोडे करून ठेवावेत तशी ती ओळीने मांडलेली पाहून मी आराखडा पुन्हा उघडला, तेव्हा कोपऱ्यातली खूण दिसली. उमेदवारीत असला प्रकार म्हणजे घरचा रस्ता. पुण्यात वडील अंथरुणाला खिळलेले आणि धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं. मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. अण्णांनी कागद मागितला, कानावरची पेन्सिल ठेवून दिली, शाईचं पेन काढलं आणि सहीच्या रिकाम्या चौकोनात शांतपणे सही केली.

"अण्णा," मी म्हटलं, "ही लबाडी आहे."

"होय की," अण्णा म्हणाले.

मॅनेजरसाहेबांपुढे मीही हजर होतो. कागद कुणी पास केला, असं त्यांनी विचारलं आणि अण्णा "मी" म्हणाले. साहेब बराच वेळ बोलले. असले शब्द मी माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला कुणी बोलताना ऐकले नव्हते. मला तोंड उघडायचं होतं, पण अण्णांची वहाण माझ्या बुटावर होती आणि ते तिच्यावर सगळा भार देऊन उभे होते.

बाहेर आल्यावर मी आभार मानायला लागलो, तसे ते पहिल्यांदा माझ्यावर भडकले.

"आभार ठेव तिकडं. वर नाव माझं गेलं, ते माझं काम. आता खाली जा आणि रामस्वामीला सांग, चूक तुझी म्हणून. सगळ्यांच्या देखत सांग. सकाळपासून त्यानं डबा उघडला नाही. आपला हात चुकला असं वाटायलंय त्याला."

मी गेलो आणि सांगितलं. इतकी लाज मला त्यापूर्वी कधी वाटली नव्हती. रामस्वामीने ऐकून घेतलं, मान हलवली आणि डबा उघडून त्यातला निम्मा दहीभात माझ्यापुढे सरकवला. संध्याकाळी कपाटात एक झाकण वाढलं होतं. चिठ्ठीवर नाव, हुक्केरीकर.

महिन्याभराने मी नोकरीत कायम झालो. त्याच आठवड्यात सुपरिंटेंडेंटची जागा भरली. ती अण्णांना मिळणार हे सगळा कारखाना धरून चालला होता. मिळाली दुसऱ्याला. मी सुन्न होऊन त्यांच्यासमोर जाऊन बसलो. ते म्हणाले, "बरं झालं बघ. ती खुर्ची उंच आहे. माझे पाय पोचले नसते."

पाच-सहा वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हारतुरे झाल्यावर कपाट रिकामं करायला मी त्यांच्या मदतीला गेलो. एकेक नासलेली वस्तू बाहेर काढताना ते चिठ्ठी न पाहता खरं नाव सांगत होते. हे करीमचं, हे नंजप्पाचं. माझं झाकण आलं तेव्हा नुसतेच हसले. सगळ्यात मागे, फडक्यात गुंडाळलेली एक आखूड पितळी नळी निघाली. तिची चिठ्ठी जुनी, पिवळी पडलेली. तिच्यावर हुक्केरीकर नव्हतं. मल्लाप्पा होतं.

"म्हणजे एक तरी दुसऱ्याच्या नावावर सापडली," मी थट्टेने म्हटलं.

अण्णा खोक्यावर बसले. मग म्हणाले, "ही एकच माझी."

तिशीच्या आत असताना बेळगावकडच्या एका वर्कशॉपात ते आणि मल्लाप्पा शेजारी शेजारी काम करत. एक खोली, एक स्टो. या नळीचं भोक अण्णांच्या हातून मोठं झालं आणि ती राहिली मल्लाप्पाच्या टेबलावर. साहेबाने येऊन विचारलं, हे कुणाचं काम?

"मी गप्प राहिलो. एवढंच केलं बघ मी. मल्लाप्पानं माझ्याकडं बघितलं आणि तोही गप्प राहिला. त्यालाच काढलं. वळकटी उचलून गेला. पुन्हा बोललो नाही आम्ही."

"आता कुठे असतात ते?"

"यशवंतपूरला. बाजारात. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे."

माझ्या डोळ्यांपुढे बस आली आणि गुडघ्यांत घातलेली ती काळी टोपी आली. इतकी वर्षं, रोज दोन वेळा.

"तीनशे माणसं सांभाळली रे," अण्णा म्हणाले, "पण त्याच्या दुकानाच्या फळीची एक पायरी चढवत नाही. तू येशील काय बरोबर?"

आम्ही यशवंतपूरला उतरलो. त्यांच्या गळ्यात अजून हार होता आणि तो काढायचं दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. दुकानात एक उंच, हाडकुळा म्हातारा सायकलचं चाक फिरवून पाहत होता. अण्णा फळीपाशी थांबले. मी त्यांच्या कोपराला हात दिला, तसे ते पायरी चढले, नळी पुढे केली आणि कन्नडात म्हणाले, "हे माझं काम."

मल्लाप्पांनी नळी घेतली. उजेडाकडे धरून तिच्यातून पाहिलं. मग अण्णांकडे पाहत, सावकाश, मलाही समजेल अशा कन्नडात त्यांनी विचारलं, "रोज बसमध्ये एवढा वाकतोस. पाठ दुखत नाही तुझी?"

म्हणजे त्यांनी रोज पाहिलं होतं.

"दुखते की," अण्णा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मल्लाप्पांनी पायाने एक स्टूल त्यांच्याकडे ढकललं. ते उंच होतं. अण्णा त्याच्यावर चढून बसले, तेव्हा त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते.