सोळा पानांचा हेडर

चारकोपच्या एका गृहनिर्माण संस्थेने रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढण्याचा ठराव एकमताने संमत केला. पाने सोळा, एकही वाढणार नाही. मांडणीचे काम श्रुतिकाकडे आले, कारण तिला सॉफ्टवेअर येत होते आणि नाही म्हणता येत नव्हते. शिवाय अंकात तिच्या आईचा लेख होता. चाळ सोडून इथे आल्या तेव्हाचे दिवस शेवंतीबाईंनी खोडून खोडून लिहिले होते. जन्मात पहिल्यांदा त्यांचे काही छापून येणार होते.

मनोगत, अहवाल, लेख अशी रचना लावून श्रुतिकाने पानाच्या डोक्यावर, म्हणजे हेडरमध्ये, संस्थेचे नाव टाकले. एकदा टाकले की सगळ्या पानांवर आपोआप येते. हे ‘आपोआप’ कार्यकारिणीला फार आवडले.

“माझं पण टाक ना गं,” अध्यक्ष चंदूकाका म्हणाले. “हौस नाय मला. पदाचा मान म्हणून.”

“काका, पहिल्या पानावर टाकते.”

“म्हणजे दुसऱ्या पानावर मी अध्यक्ष नाय?”

श्रुतिकाने काकांचे नाव सगळ्या पानांवर टाकले. मग सचिव आले, खजिनदार आले. माजी अध्यक्ष वर की खाली, हे ठरवायला उपसमिती नेमली. तिने निर्णय दिला नाही, पण तिची सगळी नावे हेडरमध्ये आली. पुढे कुणी रुसायला नको म्हणून सर्व सभासद सहकुटुंब घेण्यात आले.

“काका, मजकुराची वाट लागली!”

“मजकूर कोण वाचतं गं?”

अहवाल गेला, मनोगत गेले, कुणी हूं की चूं केले नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ उरली. ती श्रुतिकाने भांडून आईसाठी मिळवली. लेख सोळा ओळींचा झाला, पानागणिक एक.

कार्यकारिणीला गहिवरून आले. “एवढं राबलीस, आणि तुझंच नाव नाय? मांडणी : श्रुतिका. टाक.”

ती जरा घुटमळली. त्यासाठी एक ओळ लागणार होती. आईची समजूत काढता येईल, असे म्हणून तिने टाकले. आपोआप ते सोळाही पानांवर गेले.

प्रकाशन झकास झाले. वक्त्यांनी अंक वाचनीय असल्याचे सांगितले. प्रत्येकाने तो उघडला, आपण उघडतो तसाच, स्वतःच्या नावापाशी, आणि मिटला. शेवंतीबाई मात्र चष्मा लावून पान पान उलटत राहिल्या.

“माजो लेख खंय गो?”

“थांब गं आई,” श्रुतिका अंकातून डोके वर न काढता म्हणाली, “माझं नाव किती बारीक आलंय बघ!”