गायधनीकाकांची ओली लाइन

गायधनीकाकांना फोनवर निम्मंच ऐकू यायचं आणि उरलेलं निम्मं ते स्वतः रचायचे. कान त्यांचे तल्लख होते. खोट लाइनमध्ये होती.

मी तेव्हा सातपूरला एका कारखान्यात नोकरी करायचो आणि पंचवटीत काकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. मोबाईल अजून यायचे होते. गल्लीत फोन एकट्या काकांकडे, म्हणून सगळ्यांचे निरोप त्यांच्याकडेच यायचे. घर अंधारं, भिंतींना ओल, आणि आत काका एकटेच.

फोनची तार गटाराकाठच्या खांबावरून यायची. पावसात तिथल्या जोडात पाणी शिरायचं आणि घंटा आपोआप एकदाच 'टिण्' करून गप्प व्हायची. तरी काका धावत जाऊन "हॅलो, बोला" म्हणायचे. पलीकडे नुसती खरखर. उन्हाळ्यात तऱ्हा वेगळी. अर्थिंगची सळई अंगणातल्या मुरमात पुरलेली. जमीन वाळली की रिसीव्हरमध्ये भुंगा शिरल्यासारखी घरघर सुरू. दुरुस्तीला आलेला माणूस "अर्थिंग ओलं ठेवा" एवढंच सांगून गेला होता. तेव्हापासून काका आंघोळ झाली की तांब्याभर पाणी त्या सळईवर ओतायचे. शेजारच्या आजी लांबूनच हात जोडायच्या. तिथं कुणीतरी देव आहे अशी त्यांची समजूत होती.

निरोपांचं मात्र अवघड होतं. समोरच्या मंदाताईंचा भाऊ फोनवर म्हणाला, "उद्या येणार नाही." त्यातलं 'नाही' खरखरीत बुडालं. काकांनी निरोप दिला, "भाऊ उद्या येतोय, पुरणपोळी कर म्हणालाय." मंदाताईंनी पुरण शिजवलं, दिवसभर दाराकडे बघितलं. पुढं भावाशी बोलणं झालं तेव्हा त्या तणतणत आल्या.

"काका, पुरणपोळीचं तो बोललाच नव्हता!"

"आवाज तुटला होता, मंदा. आशय पोचला."

"कसला आशय?"

"भाऊ येणार म्हटल्यावर तू दुसरं काय करणार होतीस?"

काकांच्या निरोपात आजारी माणसं बरी व्हायची, नापास पोरं पास व्हायची. लोक हळूहळू त्यांचं बोलणं निम्मं वजा करून ऐकायला शिकले.

त्या पावसाळ्यात झड लागली होती. विंचूरला माझे वडील, तात्या, अंथरुणाला खिळलेले. एका सकाळी मी कामावर निघत होतो, तेवढ्यात काका जिना चढून वर आले. एरवी ते फोनपासून लांब जायचेच नाहीत.

"विंचूरहून तुझ्या चुलतभावाचा फोन होता. खरखर फार. तुला बोलावलंय एवढं कळलं. चल, मीही येतो."

"तुम्ही कशाला? आणि फोन वाजला तर?"

"वाजू दे."

एसटीत मी पुन्हा पुन्हा विचारत होतो, "तब्येत बिघडली म्हणाला का? नक्की काय म्हणाला?" एरवी एका शब्दाची दहा वाक्यं करणारा माणूस आज एक शब्द जोडायला तयार नव्हता. चांदोरी मागं पडली. मग एकदम म्हणाले, "तुझे तात्या तुला लहानपणी कुठं न्यायचे रे?"

मी सांगत गेलो. कांद्याच्या ट्रॅक्टरवर मला पुढ्यात घेऊन बसायचे, बाजारात भेळ घ्यायचे, तिखट लागलं की माझ्याआधी स्वतःच पाणी प्यायचे. सांगता सांगता मला हसू आलं. काकाही हसले. निफाड कधी गेलं कळलं नाही.

घरापाशी पोचलो तर अंगणात माणसं बसलेली. चुलतभाऊ रामदास उठून पुढं आला. "लय वाट पाह्यली रे तुझी. तात्या पहाटंच गेले. सांगितलं ना काकांनी?"

काकांनी मला दोन्ही हातांनी धरलं.

सगळं उरकल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"सगळं. लाइन अगदी स्वच्छ होती."

मग ते पावसाकडं बघत म्हणाले,

"तुझी काकू पुण्याला दवाखान्यात वारली, तेव्हा मला ऑफिसात फोनवर कळलं. आजूबाजूला सगळे आपापल्या कामात. रिसीव्हर ठेवला आणि धरायला टेबलाची कड तेवढी होती."