गाडीच्या कानावर जाऊ नये म्हणून

रंगनाथ आबांच्या पिकअपमध्ये काय बिघाड आहे हे विचारायचं असेल, तर आधी पिकअपपासून लांब जावं लागतं. रस्ता ओलांडून समोरच्या कडुलिंबाखाली. तिथं गेल्यावरही आबा एकदा मागं वळून बघतात, गाडीचं तोंड आपल्याकडं नाही ना याची खात्री करतात आणि मग हळूच सांगतात, "दोन दिवसापासून जरा कणकण हाये तिला."

मी शहागडला खत-बियाणांचं दुकान चालवतो. आजोबा राजस्थानातून इकडं आले तेव्हापासून आमच्या घरात एक सवय आहे. माल खराब असेल तर आम्ही मालाच्या तोंडावर सांगतो. आबा माझी पोती वाहतात. एकदा भर दुपारी मी त्यांच्या गाडीला खटारा म्हणालो. आबा चिडले नाहीत. माझा हात धरून मला लिंबाखाली नेलं आणि म्हणाले, "आता बोला, शेठ." मी परत खटारा म्हणालो खरा, पण त्यात काही मजा राहिली नव्हती.

हे फक्त गाडीपुरतं नाही. बैलाचा सौदा गोठ्याबाहेर. पावसाची तक्रार छपराखाली. घरी काकूंच्या भाजीत मीठ जास्त पडलं तर आबा ते माझ्या दुकानात येऊन सांगतात. काकूंना त्याचा पत्ता नाही, त्यामुळं मीठ अजून तेवढंच पडतं.

हे खूळ कुठून आलं, ते मला ठाऊक होतं. माझ्याच दुकानासमोर घडलं ते. आबांचा एकुलता मुलगा संतोष तेव्हा गाडी शिकत होता. बाजाराच्या दिवशी त्यानं आबांचा जुना टेम्पो मागं घेताना कांद्याच्या ढिगात घातला. आबा उतरले आणि सगळ्या बाजारादेखत ओरडले, "हे पोरगं कशाच्याच कामाचं न्हाई." संतोषनं मान खाली घातली. त्याच आठवड्यात तो पुण्याला निघून गेला. आईला फोन करायचा, पण बापाचं नाव काढायचा नाही. लग्नसुद्धा त्यानं तिकडंच केलं. पुढं आबांनी टेम्पो विकून ही कॉम्प्युटरवाली पिकअप घेतली आणि तिला कुणी वावगं बोलायचं नाही, असा कायदा केला.

नेमकी तीच गाडी आजारी पडली. सकाळी छान सुरू व्हायची आणि वडीगोद्रीच्या पुढं कुठंतरी, न खोकता न गुरगुरता, एकदम गप्प व्हायची. आबा खाली उतरून चहा प्यायचे, गप्पा मारायचे, परत चावी फिरवली की गाडी चालू. "तिला दम लागतो, बाकी बिलकुल ठीक हाये," असं त्यांचं निदान. बॅटरी बदलून झाली, फिल्टर बदलून झाले. कुणी म्हणालं उंदरानं वायर कुरतडली, म्हणून आबांनी बॉनेटखाली रात्रीपुरतं मांजर कोंडलं. मांजराची झोप छान झाली. माझा युरिया मात्र दर फेरीला रस्त्यावर ऊन खायचा.

अशात संतोषचा आईला फोन आला. या वेळी तो म्हणाला, आबांना दे. रविवारी बायको-लेकराला घेऊन येतोय, परतूरला रेल्वेतून उतरू, घ्यायला याल का?

आबा मला लिंबाखाली घेऊन गेले. मी म्हणालो, माझी जीप घेऊन जा. ते म्हणाले, "न्हाई शेठ. ही गाडी त्याच्यासाठीच घेतली. पण रस्त्यात बंद पडली तर ते पोरगं तिथं वाट बघत बसंल, आन् त्याला वाटंल मी आलोच न्हाई." त्या दिवशी माझ्या तोंडून खटारा हा शब्द कायमचा गेला.

मी जालन्याहून गाड्यांचे कॉम्प्युटर तपासणाऱ्या फेरोजला बोलावलं. तो लॅपटॉप घेऊन आला, स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि पडद्यावर बघून तोंड उघडणार, तोच आबा म्हणाले, "थांब. तिकडं चल." पण वायर होती हातभर, ती काही लिंबापर्यंत पोचेना. शेवटी तडजोड झाली. फेरोजनं गाडीजवळच बसावं, पण जपून बोलावं.

त्यानं इंजिनाच्या कॉम्प्युटरचा डबा उघडा केला, त्याला येणारा करंट आणि अर्थिंग तपासलं. सगळं बरोबर. मग समोरच्या सलूनमधून केस वाळवायचं यंत्र मागवलं आणि चालू इंजिनात त्या डब्यावर गरम हवा सोडली. थोड्या वेळात गाडी गप्प. लॅपटॉपनं हाका मारल्या, पण डबा उत्तर देईना. पंख्यानं थंड केला तर परत बोलायला लागला. फेरोजनं हे दोनदा करून दाखवलं. चहा आबा प्यायचे आणि थंड व्हायचा डबा, हे गुपित तेव्हा कळलं.

"आबा, ह्याच्या आतलं बोर्ड..." फेरोज अडखळला, गाडीकडं बघितलं, "...थकलंय. तापलं की त्याला काही आठवत न्हाई. दुसरं बसवावं लागंल."

आबांनी खर्च विचारलाच नाही. नवा डबा औरंगाबादहून शनिवारी आला. फेरोजनं तो बसवला, तरी गाडी चालू होईना. नवा कॉम्प्युटर जुन्या चावीला ओळखत नाही म्हणे, लॅपटॉपवरून ओळख करून द्यावी लागते. आबांना हे फार पटलं. आपली टोपी नीट करून, पाहुण्यांच्या ओळखीला उभं राहावं तसे ते बाजूला उभे राहिले. ओळख झाली, इंजिन सुरू झालं. फेरोजनं परत गरम हवा सोडली. या वेळी गाडी गप्प झाली नाही.

रविवारी आबांनी मला सोबत घेतलं. वडीगोद्री गेली, अंबड गेलं, घनसावंगी गेली. आबांचा एक कान सारखा इंजिनाकडं होता. परतूरला आम्ही रेल्वेच्या आधी पोचलो. पिकअप स्टेशनसमोर उभी केली, तेव्हा कुठं आबांनी श्वास सोडला.

संतोष बाहेर आला. अंगानं भरला होता, खांद्यावर मुलगी झोपलेली, मागं बायको. बायकोनं वाकून नमस्कार केला. संतोष मात्र जागेवरच उभा राहिला. सभोवती उतारू, रिक्षावाले, हमाल.

मला वाटलं, आबा आता त्याला कुठल्यातरी झाडाखाली नेतील. मी नजरेनं झाड शोधलंसुद्धा. पण आबा तिथंच, गर्दीच्या मधोमध थांबले आणि त्यांनी आवाज मुद्दाम चढवला.

"संतोष, त्या दिवशी बाजारात मी जे बोललो, ते बिलकुल खोटं होतं. तू कामाचा होतास. अकलेनं मीच कमी पडलो."

रिक्षावाले वळून बघायला लागले. संतोषचे डोळे भरले होते. तो हळूच म्हणाला, "आबा, लोक बघून राह्यलेत."

"बघू दे," आबा म्हणाले. "तवा बी बघतच होते."