खुर्चीवरची बॅग

सावली गावाजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात प्रत्येक नव्या इंजिनियरला एकेक मार्गदर्शक देण्याचा ठराव झाला, आणि पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शक संपले. होते तेवढे साहेबलोकांच्या भाच्यापुतण्यांत वाटले गेले. बडोद्यातल्या नागरवाड्याचा केयूर कुणाचाच भाचा नसल्यामुळे कोरडा राहिला. त्याला नोकरीत कायम करायचं की घरी बसवायचं, हे महिनाअखेर ठरायचं होतं. म्हणून तो मनुष्यबळ विभागाच्या पद्माबेनकडे गेला.

"मार्गदर्शक शिल्लक नाही," पद्माबेन म्हणाल्या. "नियमाप्रमाणे तुम्ही एक आदर्श निवडा आणि लांबून बघून शिका. आदर्शाला कळवायचं मात्र नाही. कळलं की ते भत्ता मागतात."

केयूरने चाचणी विभागातल्या प्रतापसिंहरावांचं नाव सांगितलं. ते प्रत्येक पंप पाण्यावर चालवून पाहत आणि मनासारखा चालला तरच त्याला 'पास'चं हिरवं स्टिकर लावत.

"ते नाही चालणार. आदर्शाला निदान दोन बढत्या मिळालेल्या हव्यात. प्रतापसिंहराव लागले त्याच जागेवर आहेत. त्यांच्याकडे बघून तुम्ही शिकणार काय? काम?"

उरले उपमहाव्यवस्थापक भास्करराव.

भास्करराव सापडण्यातच केयूरचे पहिले काही दिवस गेले. खुर्चीवर त्यांची बॅग असे, टेबलावर चष्मा असे, शेजारी अर्धा प्यायलेला चहा असे. साहेब तेवढे नसत. भेटायला आलेले लोक बॅगेकडे आदराने बघून परत जात. साहेब क्वचित सापडलेच आणि कुणी अडचण सांगितलीच, तर ते खिडकीबाहेर बघत, सुस्कारा सोडत आणि म्हणत, "जोईए." बडोद्यात मराठीत 'बघू' म्हटलं तर माणूस कधी म्हणून विचारतो, तेच गुजरातीत 'जोईए' म्हटलं की समाधानाने घरी जातो. अडचण मग कंटाळून दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाई.

केयूरने लहरीपुऱ्याच्या बाजारातून तसलीच काळी बॅग आणली, बिननंबरचा चष्मा केला आणि आरशापुढे उभं राहून सुस्कारा बसवला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. इथे पवळ्या स्वतःच दावं घेऊन गेला होता.

"केयूर, गॅस संपलाय. नंबर लाव," त्याची आई, अहल्याबाई, म्हणाल्या.

केयूरने खिडकीबाहेर बघितलं. "जोईए."

"मी तुझी आई आहे रे, गिऱ्हाईक नाही."

महिना संपत आला तेव्हा प्रतापसिंहराव रजेवर निघाले आणि चाचणीचं काम केयूरवर आलं. जाण्यापूर्वी त्यांनी त्याला रवानगीसाठी रचलेल्या पंपांपाशी नेलं. "सगळा लॉट गळतोय. हात लावून बघ. तू फक्त स्टिकर लावू नकोस, बाकी मी आल्यावर निस्तरतो."

केयूरने हात लावला. हात ओला झाला. नाही म्हणावं तर माल अडणार, आणि माल अडवणाऱ्याला कायम कोण करणार? हो म्हणावं तर मन खात होतं, कारण मुलगा मुळात वाईट नव्हता. अशा वेळी मार्गदर्शक असता तर त्याने सल्ला दिला असता. केयूरला आदर्श आठवला. त्याने खुर्चीवर बॅग ठेवली, टेबलावर चष्मा आणि स्टिकरांचं भेंडोळं ठेवलं आणि तो कँटीनमध्ये जाऊन बसला.

परत आला तेव्हा सगळ्या पंपांना स्टिकरं लागलेली होती आणि ट्रक निघून गेला होता. ती कोणी लावली, याच्या चौकशीसाठी भास्कररावांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीच्या बैठकीला त्यांची बॅग वेळेवर हजर होती. केयूरला त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे नमूद करायलाच हवं. दुसऱ्या दिवशी तो कायम झाला आणि भूक परत आली.

यथावकाश त्याला दोन बढत्या मिळाल्या. तक्रार विभागात नवी लागलेली अवंती त्याच्याकडे लांबून बघत असते, हे त्याच्या लक्षात आलं नाही. नियमाप्रमाणे ते यायचंही नव्हतं.

उन्हाळ्यात नागरवाड्यात त्याच्या इमारतीला नवा पंप बसला. पाणी टाकीत चढेना, खाली मात्र तळं साचलं. पंपावर हिरवं स्टिकर होतं. अहल्याबाई दुखऱ्या गुडघ्यांनी खालून बादल्या वर आणू लागल्या, तेव्हा केयूरचा जीव खरोखर कळवळला. त्याने घरूनच, नाव न सांगता, कारखान्याच्या तक्रार विभागाला फोन लावला.

"तुमचा पंप गळतोय. माझी आई जिन्यावरून बादल्या उचलतेय हो."

पलीकडे कुणी खिडकीबाहेर बघावं, एवढा वेळ शांतता होती. मग एक सुस्कारा आला. तो हुबेहूब त्याचाच होता.

"जोईए," अवंती म्हणाली.

केयूरला एकदम हायसं वाटलं. त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाले?" आईने बादली टेकवत विचारलं.

"बघतायत."

या प्रकरणात कुणीतरी काहीतरी करायला हवं, असं वाचता वाचता तुम्हालाही वाटलं असेल. लिहिताना आम्हालाही वाटलं होतं.

जोईए.