कशाच्या दुप्पट?

मुलाचे गणितातले गुण दुप्पट झाले म्हणून मी ऑफिसात पेढे वाटले. सगळ्यांनी तोंड गोड केलं. शैलाताईंनी मात्र पेढा हातात धरून विचारलं, “कशाच्या दुप्पट?” पन्नासपैकी चारचे आठ झाले होते. त्यांनी पेढा खाल्ला आणि पोराला शिकवणीसाठी घरी पाठवायला सांगितलं.

आमच्या दैनिकाच्या डेस्कवर शैलाताई वार्ताहरांच्या बातम्या तपासतात. संख्याशास्त्र शिकलेली बाई वर्तमानपत्रात कशी आली कोण जाणे. पण आली आणि आमच्या मथळ्यांतली हवाच गेली. एका वार्ताहरानं ‘गावात डेंग्यूचे रुग्ण दुप्पट’ असं ठोकून दिलं. ताईंनी लगेच फोन लावला. एकाचे दोन झाले होते, आणि दुसरा सुट्टीला आलेला पाहुणा होता. मथळा गेला, वार्ताहर रुसला. या भीतीनं आठवडी बाजार ओस पडला असता तर भाजीवाल्यांना काय सांगितलं असतं, असं ताईंनी त्यालाच सुनावलं.

परवा दुपारी बातमी आली : रक्तदाबाच्या एका गोळीमुळं यकृताच्या आजाराचा धोका दुप्पट. संपादकांना ती पहिल्या पानावर हवी होती. ताई अडून बसल्या. तो आजार मुळातच इतका विरळ, की दुप्पट होऊनही विरळच. पण घाबरून गोळी सोडणाऱ्याला पक्षाघात गाठेल, त्याचं काय? बाकीचे पेपर छापतील, असं संपादक म्हणाले.

“छापू द्या. आपल्यामुळं कुणाची गोळी सुटायला नको.”

शेवटी बातमी आतल्या पानावर गेली, सगळा हिशेब समजावून. मला फार बरं वाटलं. चहा घेऊन गेलो, तर ताई जिन्यात फोनवर होत्या. पैठणला त्यांची थोरली बहीण एकटी राहते. आई गेल्यावर या अक्कानंच त्यांना वाढवलं. तिलाही हीच गोळी चालू आहे. तिनं ती बातमी मोबाइलवर वाचून संध्याकाळची गोळी घेतलीच नव्हती, हे ताईंच्या बोलण्यावरून कळलं. आता ताई अक्काला विरळ म्हणजे किती ते समजावणार, असं मला वाटलं.

“अक्का, मला काय बी समजवायचं नाय,” ताई म्हणाल्या. “तुला माझ्या गळ्याची शपथ हाय. आत्ता गोळी घे. मी फोन धरते.”

फोन कानाला लावून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग हळूच विचारलं, “घेतली व्हय?” आणि पायरीवर बसून रडायला लागल्या.

“तुला काय झालं तर मला कोण हाय गं, अक्का?”