यमुनाबाईंची पायरी

यमुनाबाईंच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं, यमुनाबाई त्याच दाराच्या पायरीवर बसलेल्या असायच्या, आणि कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेला लटकत असायची.

रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर, पाच ते सहा. पाचपावलीतल्या आमच्या गल्लीत नवीन आलेला माणूस हमखास विचारायचा, "किल्ली हरवली का, बाई?" त्या किल्ली वाजवून दाखवायच्या. "हे काय गा!" पुढे विचारायची कोणाची टाप नव्हती. माझी तर नव्हतीच. मी सरकारी कचेरीतला कारकून. वरच्याला प्रश्न विचारायचा नाही ही सवय घरीसुद्धा लागलेली. घरात वरचं कोण, ते आमच्या कुसुमला विचारा.

ही सत्तरनंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. बाई एका अनाथालयात मुलींना हातमाग शिकवायच्या. आडनाव कोणालाच ठाऊक नव्हतं. रेशनकार्डवाल्यानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुमाले लिवाले सोपं जाईन थे लिवा." आख्खी गल्ली हसली होती. मीही हसलो होतो, हे आता सांगायला बरं वाटत नाही.

अठरा पूर्ण झाली की मुलीला अनाथालय सोडावं लागे. एक पत्र्याची पेटी, दोन पातळं आणि अधीक्षकबाईंचा आशीर्वाद, बस. फाटकाबाहेर काय करायचं, ते त्या पेटीत नसायचं. ते यमुनाबाई शिकवायच्या. शिकायची मुलगी, हादरे बसायचे आम्हाला.

कमलचंच घ्या. तिला हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं होतं. पण एकटी पोर राहणार कशी? अधीक्षकबाईंनी एक स्थळ हेरून ठेवलं होतं, दोन पोरांचा बाप. संस्थेतला शेवटचा महिना उरला होता; तेवढ्यात एकटीनं राहायचं शिकली तर ठीक, नाही तर अक्षता. कमल एवढंच म्हणायची, "मले आधी माही स्वतःची खोली पाहिजे."

एका सकाळी दार वाजलं. दारात अनोळखी पोरगी, हात जोडून उभी.

"काका, मी भांडाले आली."

मी हादरलो. कचेरीच्या सवयीनं विचारलं, "कोणत्या विषयावर?"

"नळ."

मागून यमुनाबाईंचा आवाज आला, "होऊन जाऊ द्या गा भाऊ! संस्थेत भांडलं त जेवन बंद करतेत. बाहेर भांडता आलं नाही त हिले पानी कोन देईन?"

मी बादली घेऊन नळावर गेलो आणि मनाचा हिय्या करून ओरडलो, "माझा नंबर आहे!" कमल लगेच बाजूला झाली. "हो काका, तुमचाच. चुकलं माझं." वर माझी बादली भरून दिली.

"चुकलं काय म्हनतं वं पोट्टे!" बाई किंचाळल्या. "बादली सरकव त्याची! लात मार!"

सातव्या दिवशी तिनं लाथ मारली. बादलीला नव्हे, माझ्या नडगीला. बाईंना कोण आनंद झाला! मी पंधरा दिवस लंगडत कचेरीत गेलो. साहेबांना कारण काय सांगणार?

मग स्वयंपाक. कुसुम उमरेडला माहेरी गेली होती, म्हणून बाईंनी कमलला आमची चूल दिली. मला कोणी विचारलं नाही. संध्याकाळी घरी येऊन पाहतो तो काय! पातेल्यात वरण, कढईत वरण, परातीत वरण, आणि मोरीतल्या माझ्या आंघोळीच्या घंगाळात काठोकाठ वरण. महिन्याची तूरडाळ संपलेली. कमल कोपऱ्यात रडत होती.

"मले साठ जनींचंच माप येते, काका. कमी करत करत आनलं, मंग भेव लागलं. एका मानसाचं मीठ किती असते जी?"

एका माणसाचं मीठ मलाही ठाऊक नव्हतं. आयतं ताटात येणाऱ्याला कुठून असणार? त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरात वरण गेलं. कुसुम परतल्यावर माझ्या घरात काय गेलं ते सांगत नाही. बाईंनी कमलला एक वाटी दिली. "हे एक मानूस. ध्यानात ठेव."

शेवटी कुलूप. संस्थेत किल्ली कायम दुसऱ्याच्या कमरेला, त्यामुळे ही पोरगी आमचं दार सताड उघडं टाकून बाजारात जायची. बाईंनी तिला स्वतःच्या घराची दुसरी किल्ली करून दिली. कुलूप लाव, कोपऱ्यापर्यंत जा, परत ये, उघड. दिवसातून वीस वेळा. मी एकदा खिडकीतून तिला बाईंचं कुलूप उघडताना पाठमोरं पाहिलं आणि "चोर! चोर!" करून गल्ली गोळा केली. त्यावर काही बोलत नाही.

महिना संपला. कमल हिंगण्याच्या रस्त्यावर भाड्याच्या खोलीत राहायला गेली. नडगी चोळत मीही हुश्श केलं.

पाचव्या दिवशी कचेरीतून येतो तर कमल गल्लीच्या तोंडाशी. हातात पत्र्याची पेटी.

"झोपच येत नाही, काका. साठ जनींचा श्वास ऐकून झोपाची सवय. थ्या खोलीत मीच एकटी श्वास घेऊन राहिली. मी अधीक्षकबाईले हो म्हनून टाकतो."

वरणाचं घंगाळ परवडलं होतं. मी तिची पेटी उचलली आणि पायरीकडे निघालो.

बाई बसल्या होत्याच. पेटी पाहिली. समजावतील, रागावतील, असं वाटलं. त्या म्हणाल्या, "किल्ली आहे ना तुह्याजवळ? उघड."

कमलनं कुलूप काढलं.

"आत जा. कडी लाव."

ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मग यमुनाबाई उठल्या, पदर नीट केला, आणि स्वतःच्याच दारावर टकटक केलं.

"कोन आहे वं?" आतून.

"मी."

दार उघडलं. "आली का बाई? ये, बस. चहा ठेवतो."

यमुनाबाई उंबऱ्यावरच थांबल्या. मला वाटलं, चक्कर आली. पुढे झालो तर हातानं मला मागे सारलं.

"माही अठरा वर्षं संस्थेत गेली गा, भाऊ. त्याच्यानंतर दरवेळी कुलूप मीच उघडलं. आतून कोनी उघडलं नव्हतं."

मला आडनावावरचं ते हसू आठवलं.

चहा झाल्यावर बाई कमलला म्हणाल्या, "पेटी राहू दे इथं. झोप आपल्या खोलीवर. ऐतवारी ये, मी पायरीवर असन."

सातच्या बसनं कमल गेली. हातात फक्त वाटी होती.

मी घरी आलो. दार उघडायला सारखं उठावं लागतं म्हणून कुसुमनं लॅच बसवून माझ्या खिशात किल्ली घातली होती. ती मुठीत धरली आणि दार वाजवलं.

कणकेच्या हातानं कुसुमनं उघडलं. "किल्ली काहून देल्ली तुमाले?"

"आहे ना," मी म्हटलं, आणि आत गेलो.